नागपूरच्या गच्चीपासून वाघोलीच्या तलावापर्यंत: अंधार मोजत केलेला प्रवास

पेंच व्याघ्र प्रकल्पाच्या महाराष्ट्रातल्या भागाला जानेवारी 2024 मध्ये ‘डार्क स्काय पार्क’ हा दर्जा मिळाला. तो देणारी डार्कस्काय इंटरनॅशनल ही संस्था 1988 पासून रात्रीचा अंधार राखण्याचंच काम करते. भारतातलं हे असं पहिलं ठिकाण, आशियातलं पाचवं. लडाखमधल्या हानलेचं आभाळ 2022 मध्ये तिथल्या प्रशासनाने राखीव केलं, पण हानले साडेचार हजार मीटर उंचीवर, माणसांपासून दूर. पेंचचं तसं नाही. पंचवीसेक लाख वस्तीचं नागपूर तिथून गाडीने दोन तासांवर आहे. एवढ्या मोठ्या शहराच्या उशाला अंधार टिकतो कसा आणि किती टिकतो, हे मला स्वतः मोजून पाहायचं होतं.

मोजायला स्काय क्वालिटी मीटर नेला होता. कॅनडात बनणारं, मुठीत मावणारं यंत्र. डोक्यावर धरायचं, बटण दाबायचं, लाल आकडा उमटतो. आभाळाच्या एका चौरस विकलेतून (विकला म्हणजे अंशाचा 3600 वा भाग) किती उजेड येतो, ते तो आकडा ताऱ्यांच्या प्रतीच्या, म्हणजे तेजस्वीपणाच्या श्रेणीच्या, भाषेत सांगतो. आकडा मोठा तितका अंधार जास्त. चंद्र नाही, शहर नाही, अशा निखळ आभाळाचा आकडा 22 च्या आसपास असतो. एका अंकाचा फरक म्हणजे उजेडात अडीच पट फरक, पाच अंकांचा म्हणजे शंभर पट. हे लक्षात असू द्या, पुढे लागेल.

पहिला दिवस: 26 फेब्रुवारी 2025, महाशिवरात्र

तारीख मुद्दाम निवडली होती. महाशिवरात्र म्हणजे माघ वद्य चतुर्दशी, दुसऱ्या दिवशी अमावास्या. चंद्र पहाटे उगवणार, तोही नखाएवढा. ज्याला तारे पाहायचेत त्याने आधी पंचांग उघडावं आणि मग सुट्टीचा अर्ज टाकावा.

पुण्याहून सकाळी नागपूरला मामेभावाकडे पोहोचले. वहिनीने साबुदाण्याची उसळ आणि शिंगाड्याचा शिरा केला होता. (आमच्याकडे जी खिचडी, ती इथे उसळ. दाण्याचं कूट मात्र आमच्यापेक्षा सढळ हाताने.) संध्याकाळी गच्चीवर गेलो. पश्चिमेला शुक्र भलताच तेजस्वी होता. त्या महिन्यात तो त्याच्या ऐन तेजात होता. गुरू डोक्यावरून जरा कलला होता, रोहिणीच्या जवळ. मंगळ मिथुनेत. सूर्य मावळला की लगेच मोजणी करून उपयोग नसतो. संधिप्रकाश पुरता विरायला या दिवसांत सव्वा तास लागतो. पावणेआठला पहिला आकडा घेतला: 18 च्या किंचित खाली. मृगाचा पट्टा दिसत होता, व्याध दिसत होता, कृत्तिकांच्या जागी नुसतं धुकट काहीतरी. भावाचा शाळकरी मुलगा विचारत होता, “आत्या, पेपरात सात ग्रह एका रांगेत म्हणून आलंय, ते कुठायत?” मला तीन दाखवता आले. बुध आणि शनी संधिप्रकाशातच बुडाले होते आणि उरलेले दोन नुसत्या डोळ्यांनी शहरातून दिसणारे नव्हेतच.

मग गाडी उत्तरेला काढली. कामठी, कन्हान, मनसर, देवलापार असा सरळ राष्ट्रीय महामार्ग 44. दर थांब्याला रस्त्यापासून आत शंभरेक पावलं जाऊन, दिव्यांकडे पाठ करून मोजणी. कन्हानपाशी आकडा 19 च्याही खाली होता. डावीकडे कोराडी आणि खापरखेड्याची औष्णिक वीजकेंद्रं. त्यांच्यावर उजेडाचा पिवळट ढग चढलेला. उजेड आभाळात दिसतो तो हवेतल्या कणांवरून उसळून. त्यामुळे जिथे दिवेही भरपूर आणि धूळ-धूरही भरपूर, तिथे आभाळाचे दुप्पट हाल.

मनसरच्या पुढे रस्त्याकाठी महाशिवरात्रीचा मंडप होता. भोलेनाथाची गाणी, फराळाचं वाटप, आणि मंडपाच्या चार कोपऱ्यांना चार हॅलोजन, चारही तोंडं आडवी. आम्ही उतरलो तर एका काकांनी हात धरूनच बसवलं. भगर, दाण्याची आमटी, उकडलेली रताळी. “कुठं चालले एवढ्या राती?” मी यंत्र दाखवलं. काकांनी ते उलटंपालटं करून पाहिलं, बटण दाबलं, 16 काहीतरी आलं. मग मीच त्यांना मंडपामागच्या शेतात नेलं. हरभरा निघालेलं मोकळं रान होतं. तिथे डोळे जरा सरावल्यावर 20 च्या जवळ आकडा आला. काका दोन आकड्यांत काय फरक म्हणून विचारत होते, मी पट सांगितली: इथल्यापेक्षा मंडपात तीस-चाळीस पट उजेड. त्यांनी मागे वळून मंडपाकडे बघितलं आणि म्हणाले, “अन् मंडपात तर कोनी वरती पाहूनच नाई राह्यलं.”

रात्री देवलापारच्या पुढे एका घरगुती मुक्कामाला टेकलो. तिथे मध्यरात्री 21 चा टप्पा ओलांडला.

मोजणीबद्दल थोडं इथेच सांगते, कारण घरी आल्यावर सगळे हेच विचारतात. यंत्र खिशातून काढल्या काढल्या येणारा पहिला आकडा सोडून द्यावा. बाहेरच्या थंडीशी त्याचं तापमान जुळू द्यावं. मग चार-पाच आकडे घेऊन सरासरी काढावी. डोक्यावर झाडाची फांदी किंवा गच्चीची टाकी नको. भिंगवाला मीटर साधारण वीस अंशांच्या वर्तुळातलाच उजेड धरतो, म्हणून त्या वर्तुळात गुरूसारखा तेजस्वी ग्रह आला तर आकडा चांगलाच फसवतो. अंधाऱ्या जागी एकटा गुरू तेवढ्या सगळ्या आभाळाइतका उजेड देतो! तसंच हिवाळी आकाशगंगा डोक्यावरून जात असतानाही आकडा थोडा कमी येतो. फेब्रुवारीअखेर चांगली वेळ मध्यरात्रीनंतरची. तेव्हा सिंह राशीचा भाग माथ्यावर असतो आणि आपण आकाशगंगेच्या पट्ट्यापासून दूर बघत असतो. यंत्र नसलं तरी अडत नाही. कृत्तिका मोजा, आणि पुष्य नक्षत्रातला तारकापुंज नुसत्या डोळ्यांनी कापसाच्या बोळ्यासारखा दिसतो का पाहा. तो दिसला की जागा चांगली. ग्लोब ॲट नाइट नावाचा उपक्रम 2006 पासून अशीच डोळ्यांनी केलेली निरीक्षणं जगभरातून गोळा करतो.

दुसरा दिवस: 27 फेब्रुवारी, अमावास्या

सकाळी पवनीवरून पेंचच्या सिल्लारी गावाकडे वळलो. पळस पेटला होता. पानं गळालेल्या सागवानी जंगलात दुसरा रंगच नाही, नुसता केशरी. दुपारी ऊन चांगलं भाजत होतं, सावलीत मात्र अजून हिवाळा. जेवण मुक्कामाच्या घरीच: ज्वारीची भाकर, पोपटाच्या दाण्यांची भाजी, लाखोळीच्या डाळीचं वरण आणि जवसाची चटणी. चटणी मी परत परत मागून घेतली.

दिवसाउजेडी गावातले दिवे बघून घेतले, कारण या सगळ्या प्रकरणाचं मर्म तिथेच आहे. वाघोली, सिल्लारी, पिपरिया आणि खापा या गावांतले शंभराहून अधिक दिवे बदलून खाली तोंड केलेले बसवले आहेत. खांबावरचा दिवा जमिनीला समांतर, सपाट. वरून झाकलेला. बाजूने बघितलं तर दिव्याची चकती डोळ्यांना दिसतच नाही. संध्याकाळी ते लागले तेव्हा एका खांबाखाली बराच वेळ उभी राहिले. रस्त्यावर उजेडाचं गोल वर्तुळ पडलं होतं, त्यातले खडेसुद्धा मोजता यावेत इतकं स्वच्छ. खांबाला खेटून कडुनिंब होता. त्याची दिव्याखाली आलेली एक डहाळी उजळली होती, बाकी सगळं झाड काळं. त्या काळ्या शेंड्याच्या लगत मला ब्रह्महृदय तारा दिसत होता. पुण्यात आमच्या गल्लीतल्या झाडांना रात्रभर बुंध्यापासून शेंड्यापर्यंत उजेड असतो.

आमचा गाइड सिल्लारीचाच. तो म्हणाला, “पैले दिवा डोयात घुसे. समोरून सायकल आली तं दिसे नाई. आता सडक दिसते.” त्याच्या शेजारच्या ताईंना मात्र सुरुवातीला हे पटलं नव्हतं. बिबट गावात येतं, वाघ नाल्याशी फिरतो, अशा ठिकाणी उजेड कमी करणार म्हटल्यावर कोणाला बरं वाटेल? “मंग समजलं, दिवा बंद नाई केला, खाली वाकवला.” मला वाटतं, प्रकाशप्रदूषणावर बोलणाऱ्या आपण सगळ्यांनी या ताईंची भीती आधी ऐकून घ्यायला हवी. अंधाराची महती रात्री दार लावून निवांत झोपणाऱ्याला सुचते. पहाटे गोठ्यात जाणाऱ्या बाईला पायाखालचं दिसलंच पाहिजे. इथे तिचंही जपलंय आणि आभाळाचंही.

वाघोलीच्या तलावाजवळ आकाशनिरीक्षणासाठी दुर्बीण बसवलेली आहे. परवानगी आधी घेतली होती. (वनखात्याकडे आगाऊ विचारूनच निघा. वेळा आणि नियम बदलतात, आणि पावसाळ्यात जंगल बंद असतं. रात्री पायी फिरणं तर नाहीच नाही. गाडीतून जायचं, गाइडचं ऐकायचं.) पोहोचलो तेव्हा संधिप्रकाश विरत होता. तळ्याच्या पश्चिमेला शुक्र, आणि पाण्यात त्याची लांबलचक उभी रेघ.

सगळे दिवे बंद केले. गाडीच्या आतला दिवासुद्धा. मोबाइल खिशात. डोळ्यांना अंधाराची पुरती सवय व्हायला वीस ते तीस मिनिटं लागतात, आणि एक पांढरा झोत ती सगळी घालवतो. म्हणून टॉर्चवर लाल जिलेटिन कागद बांधलेला.

शुक्रामागून एक फिकट उजेडाचा सुळका वर चढलेला हळूहळू उमगू लागला. खाली रुंद, वर निमुळता, गुरूच्या दिशेने तिरका. भाऊ म्हणाला, ते नागपूर असेल. पण नागपूर दक्षिणेला, आणि हा पश्चिमेला. तो राशिचक्र प्रकाश होता: ग्रहांच्या कक्षांच्या प्रतलात पसरलेल्या धुळीवरून परतणारा सूर्याचा उजेड. फेब्रुवारी-मार्चच्या संध्याकाळी क्रांतिवृत्त, म्हणजे सूर्याचा आभाळातला वर्षभराचा मार्ग, क्षितिजावर बरंच उभं असतं, म्हणून हे दिवस त्याचे. इतकी वर्षं त्याच्याविषयी वाचत आलेली मी, पहिल्यांदा त्याच्यासमोर उभी होते. बोलायला काही सुचेना. गाइडने विचारलं, “ताई, काय झालं?” मग त्यालाही दाखवलं. तो म्हणाला, हे तर रोजच दिसते या दिवसांत, आमाले वाटे सूर्याचाच उजेड उरला असन. त्याचं म्हणणं बरोबरच होतं, उजेड सूर्याचाच.

त्यानंतर मला एक गोष्ट करून बघायची होती. वहीचा कोरा कागद शुक्रासमोर धरला आणि मध्ये हात आणला. आधी काहीच नाही. मग हात हलवला, आणि कागदावरून पाच बोटांची सावली सरकली. अगदी फिकी, पण कडा चाकूने कापल्यासारख्या, कारण शुक्र हा सूर्याच्या किंवा चंद्राच्या मानाने नुसता ठिपका. भावाने स्वतःचा हात घातला, गाइडने घातला, दुर्बिणीपाशी असलेल्या वनमजुराने घातला. साडेआठच्या सुमारास शुक्र झाडांआड गेला तोवर आम्ही चौघं तो कागद धरून होतो.

दुर्बिणीतून मृगातला तेजोमेघ पाहिला, गुरूचे चार चंद्र पाहिले. खरं सांगायचं तर अशा ठिकाणी मला दुर्बिणीपेक्षा नुसते डोळे जास्त प्रिय. हिवाळी आकाशगंगा तशी मंदच, तरी ब्रह्महृदयापासून व्याधाच्या पलीकडे अगस्तीच्या बाजूला उतरणारा पट्टा सलग दिसत होता. मधूनच रातवा पक्ष्याचा आवाज. एकदा पलीकडच्या काठावरून चितळाचा धोक्याचा कॉल आला आणि आम्ही सगळे आपोआप गाडीजवळ सरकलो.

आकडा आला 21.4 च्या आसपास. नागपूरच्या गच्चीपेक्षा जवळजवळ साडेतीन अंकांनी जास्त. म्हणजे तिथलं आभाळ इथल्यापेक्षा सुमारे वीस-पंचवीस पट उजळ.

पण यंत्र माथ्यावरून काढून क्षितिजाकडे रोखलं तेव्हा दुसरी बाजू दिसली. दक्षिणेला उजेडाचा एक बसका घुमट. तेच नागपूर, सरळ रेषेत पन्नासेक किलोमीटर. उत्तरेच्या आणि दक्षिणेच्या आभाळात अर्ध्या अंकाहून जास्त फरक. अगस्ती इथून कधीच सोळा अंशांच्या वर चढत नाही. तो त्या घुमटाच्या डोक्यावर टेकलेला. पहाटे दोनच्या सुमारास त्रिशंकू हा तारकासमूह ऐन दक्षिणेला येतो, जेमतेम आठ अंश उंचीवर. तो त्या उजेडात आणि झाडांत हरवणार हे उघड होतं. चार गावांनी आपापले दिवे खाली वाकवले, तरी दक्षिणेचे तारे नागपूरकरांच्या हातात राहतात. पेंचच्या कुंपणाच्या आत बसून ते सोडवता येत नाहीत.

आणि पांढऱ्या एलईडीने यात भर घातली आहे. निळसर उजेड हवेत जास्त विखुरतो. दिवसा आभाळ निळं दिसतं त्याच कारणाने. जुन्या सोडियमच्या पिवळ्या दिव्यांऐवजी निळ्याकडे झुकणारे पांढरे दिवे आले की घुमट फुगतो. उपग्रहांना मात्र हा निळा उजेड नीट दिसत नाही, त्यांचे संवेदक तो भाग धरत नाहीत. म्हणूनच जमिनीवरून, माणसांनी केलेल्या नोंदींना मोल आहे. अशाच नोंदींवरून 2023 मध्ये ‘सायन्स’ नियतकालिकात शोधनिबंध आला: 2011 ते 2022 या काळात रात्रीचं आभाळ वर्षाला सरासरी 9.6 टक्क्यांनी उजळत गेलं. या वेगाने आठेक वर्षांत उजेड दुप्पट होतो. भारतातल्या नोंदी त्यात अगदी थोड्या असतात, हे मला फार लागतं.

रात्री मुक्कामाच्या अंगणात घरातल्या आजी शेकोटीशी बसल्या होत्या. सप्तर्षी ईशान्येला चांगले वर आले होते. मी नाव विचारलं. “ते म्हातारीचं खाटलं. चार पाय खाटल्याचे, अन् मांगं तीन चोर. म्हातारी झोपली का खाट नेतीन. म्हणून म्हातारी झोपतच नाई, रातभर फिरते खाटलं घेऊन.” गोंडांचं आभाळ या विषयावर मयंक वाहिया आणि गणेश हलकारे या अभ्यासकांनी विदर्भातल्या गावांत फिरून काम केलं आहे आणि 2013 मध्ये ते प्रसिद्ध केलं आहे. त्यातही खाट आणि चोर आहेत. कागदावर वाचलेलं असं समोर बसून, बोटाने दाखवत कोणी सांगितलं की अंगावर काटा येतो. नातवाला ही गोष्ट ठाऊक आहे का, विचारलं. आजी म्हणाल्या, तो कामठीला राहतो, तिथं खाटलं दिसत नाही.

तिसरा दिवस: 28 फेब्रुवारी

मध्यरात्रीनंतर, मघा माथ्यावरून कलल्यावर, अंगणातून पुन्हा मोजलं. 21.5 पर्यंत गेलं. शेकोटी विझल्यावर धूर बसला होता, आणि गावात सगळे झोपलेले. ही या प्रवासातली सर्वांत काळी नोंद.

साडेचारला उठून आग्नेयेला बघितलं. वृश्चिक पूर्ण वर आलेला, ज्येष्ठा लाल, आणि नांगीच्या मागे आकाशगंगेचा मध्य. उन्हाळी आकाशगंगा काय असते ते ज्याने पाहिलं नाही त्याला संध्याकाळच्या मंद पट्ट्यावरून कल्पना यायची नाही. तिच्यातल्या काळ्या फटीसुद्धा स्वच्छ होत्या. मे महिन्यात हीच रात्रीच्या मध्यावर मिळते, पण तोवर उष्मा आणि धूळ वाढते. फेब्रुवारीअखेरची पहाट त्यापेक्षा बरी, फक्त स्वेटर हवा. भावाला उठवलं, तो पांघरुणासकट बाहेर आला आणि फटफटेपर्यंत आत गेला नाही.

परतीचा रस्ता नेहमीचाच. नागपुरात पोहोचून तर्री पोहे खाल्ले, झोप काढली. 28 फेब्रुवारी म्हणजे राष्ट्रीय विज्ञान दिन. भावाच्या सोसायटीतल्या मुलांना संध्याकाळी गच्चीवर बोलावलं आणि यंत्र त्यांच्या हातात दिलं. आकडा पुन्हा 18 च्या आतबाहेर. तेवढ्यात एका मुलीने कठड्यावरून खाली बोट दाखवलं: फाटकावरचा फ्लडलाइट आडवा होता, अर्धा उजेड समोरच्या इमारतीत आणि अर्धा आमच्याकडे.

भावाने वायरमनला बोलावलं. पाना लावून दोन नट ढिले केले, दिवा खाली वाकवला, नट परत आवळले. खर्च चहाचा. माथ्यावरचा आकडा बदलला नाही, एका दिव्याने बदलणारही नव्हता. पण फाटकाजवळची जमीन पूर्वीपेक्षा उजळ दिसायला लागली, पहारेकरी काकांच्या डोळ्यांवरची तिरीप गेली, आणि दुसऱ्या मजल्यावरच्या आजोबांनी खिडकीतून विचारलं की दिवा गेला का. त्यांच्या झोपायच्या खोलीच्या भिंतीवर तो रोज रात्रभर पडत होता.

बॅडमिंटन कोर्टाचे आणि वाहनतळाचे दिवे मोठे आहेत, त्यांना वरून टोपी लागेल. ते सोसायटीच्या बैठकीशिवाय होणार नव्हतं. मुलांनी अर्ज लिहिला, त्याला गच्चीचे, मनसरचे आणि वाघोलीचे आकडे जोडले. तो मार्चच्या बैठकीत आला आणि वाहनतळाचे दिवे मंजूर झाले. कोर्टाच्या दिव्यांवर चर्चा चालू आहे. भाऊ दर अमावास्येला गच्चीवरून मोजून मला आकडा पाठवतो.